करडईवाल्यांची तलवार

१२ एप्रिल, रविवार

आजपासून रोज लिहायचं ठरवलं आहे. मुनाकाता सर म्हणतात, जी तलवार पाहिली तिच्याबद्दल घरी जाऊन चार ओळी लिहा, त्याशिवाय डोळा तयार होत नाही. माझा डोळा तयार आहे, पण लिहायला हरकत नाही.

आज आमच्या तलवार-अभ्यास मंडळाची बैठक. टेबलावर चार तलवारी, चारींची बुडं कापडात गुंडाळलेली. मुठीच्या आत जाणाऱ्या या बुडावर घडवणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं. ते झाकायचं, आणि नुसतं पातं बघून नाव ओळखायचं. चिठ्ठीवर लिहून सरांकडे दिलं की ते त्यावर एक शब्द लिहून परत करतात. ‘लागलं’, नाहीतर ‘वाट बरोबर’, नाहीतर ‘नाही’. प्रत्येक तलवारीला तीन चिठ्ठ्यांची मुभा. मला सगळ्या चिठ्ठ्यांवर ‘नाही’ मिळालं. उजेड बरोबर नव्हता. शिवाय डाव्या बाजूला तोगाशी बसला होता, तो तोंडाने श्वास घेतो. दातांचा डॉक्टर असून.

मंडळात माझं हे अकरावं वर्ष. ‘लागलं’ अजून एकदाही नाही. यावर मी पुष्कळ विचार केला आहे. सर फार सोप्या तलवारी ठेवतात. मी खोलात जातो, आणि खोलात गेलेल्या माणसाला सोपं उत्तर सुचत नाही.

निश्चय: रोज सकाळी अर्धा तास पातं बघणं. गुडघ्यांचे व्यायाम, म्हणजे बैठकीत गुडघे मोडून बसता येईल. तोगाशीशी वाद घालायचा नाही. दमलो.

१३ एप्रिल

उशिरा उठलो. पातं बघायचं राहिलं. गुडघे दुखत होते म्हणून व्यायामही नाही. उद्यापासून.

१८ एप्रिल, शनिवार

बायको, फुसाए, सकाळपासून मागे लागली होती. डिसेंबरात तिच्या बाबांचं सातव्या वर्षाचं श्राद्ध आहे, त्यांची तलवार एकदा काढून बघा म्हणाली, गंजलेली निघाली तर कियो आत्या मला चारचौघांत सोलून काढेल. कियो आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण. नव्वदी उलटली, जीभ अजून तरुण आहे.

तलवार सहा वर्षं कपाटात, पांघरुणांखाली पडून होती. मी कधी नीट बघितलीच नव्हती. सासरची वस्तू, तीही आमच्याच डोंगराकडच्या ओनुमा नावाच्या खेड्यात घडवलेली. हातभराहून जराशी लांब. व्यापाऱ्यांना त्या काळी याहून लांब बाळगता यायची नाही, आणि फुसाएच्या माहेरचे पिढीजात करडईचे व्यापारी. रंगासाठी क्योतोला फुलं पाठवायचे. मूठ काढली की बुडावर मजकूर दिसतो: ‘ओनुमाच्या कानेतोकीने घडवली. आन्सेइ पाचवं वर्ष, आठव्या महिन्यातला एक दिवस. करडईवाले सोएमोन यांच्यासाठी.’ आन्सेइ पाचवं म्हणजे १८५८, आणि सोएमोन म्हणजे फुसाएचे खापरपणजोबा. श्राद्धाला जेवणाआधी हा मजकूर मोठ्याने वाचायची त्यांच्या घरी पद्धत आहे, आणि वाचायचा मान जावयाचा. मी आजवर दोनदा वाचला. दोन्ही वेळा चष्मा विसरलो होतो, फुसाएने मागून एकेक शब्द सांगितला.

तर आज तेल लावून खिडकीशी धरली आणि जागीच थबकलो. पात्यावर, पाठीच्या बाजूने, पुसटसं धुकं. असं धुकं जुन्या बिझेन प्रांताच्या पात्यांत असतं. सहाशे-सातशे वर्षांपूर्वीच्या. धारेवरची पांढरी लाट बघितली, तीही बिझेनसारखी, लवंगांच्या रांगेसारखी. फुसाएला हाक मारून दाखवलं. म्हणाली, तेल नीट पुसलं गेलं नाहीये.

तिच्या माहेरच्यांना पाच पिढ्यांत कळलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

२१ एप्रिल

तेल पुसून पुन्हा पाहिलं. धुकं जरा कमी दिसतं. सकाळचा उजेड धुक्याला मारक असतो. संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटखाली पुन्हा दिसलं. फुसाए म्हणाली, ती भाताची वाफ आहे.

माझ्या आधीच्या तीन तलवारींच्या वेळीही ती असंच बोलली होती. त्या तिन्ही बिझेनच्या निघाल्या नाहीत हे खरं, पण ते तिच्यामुळे नव्हे.

३ मे

बुडावरचं नाव खोटं आहे. आता शंका उरली नाही. माझी कारणं:

बुडाला मुठीच्या खिळ्यासाठी एकच भोक आहे. जुन्या तलवारींना दोन-तीन असतात, कारण पुढच्या मालकांनी त्या आखूड केलेल्या असतात. इथे एकच. म्हणजे सहाशे वर्षांत हिला कुणी हात लावला नाही. अशी उदाहरणं विरळाच. पातं जड आहे. जुनी पाती घासून घासून हलकी झालेली असतात. ही जड, म्हणजे फारच जपलेली. बुडाचा गंज काळा नाही, तांबूस आहे. करडईच्या गोदामातल्या कोरड्या हवेमुळे.

आणि सगळ्यात मोठं कारण, एवढा लांबलचक मजकूर. खरा मोठा कारागीर दोन अक्षरांत आटोपतो. वर्ष, महिना, गाव, गिऱ्हाईक हे सगळं कोण कोरत बसतं? ज्याला आपल्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही अशी धास्ती आहे तोच. ओनुमाच्या लोहाराने कुठूनतरी नाव नसलेलं थोर पातं मिळवलं, त्यावर स्वतःचं नाव ठोकलं आणि भोळ्या सोएमोनच्या गळ्यात मारलं. बिचारा सोएमोन. मला त्याच्याबद्दल वाईट वाटतं.

बिझेनच्या थोर नागामित्सुचं काम असावं. निदान त्याच्या मुलाचं.

१० मे, रविवार

बैठक. चिठ्ठ्यांचं नेहमीप्रमाणे. एका तलवारीला मी ‘नागामित्सु’ लिहिलं, ती मागच्या शतकातली निघाली. तोगाशीला त्यात ‘लागलं’ मिळालं आणि तो लगेच सगळ्यांना समजावून सांगायला लागला. उथळ पाण्याला खळखळाट फार.

चहाच्या वेळी सरांना सहज विचारलं. माझ्या एका ओळखीच्याकडे थोर पातं आहे, पण नाव क्षुल्लक माणसाचं आहे, तर ते खोटं नाव काढून टाकून मग परीक्षक मंडळाकडे पाठवावं का. कारण नाव दिसलं की परीक्षक पातं बघतच नाहीत. सरांनी आधी बिस्किट खाऊन संपवलं. मग म्हणाले, तुमच्या ओळखीच्यांना सांगा, आधी ते पातं आठ-दहा वर्षं बघा. नाव कुठे पळून जात नाही.

सरांचं वय झालं. ज्याच्याकडे आठ-दहा वर्षं आहेत त्याने बघावं.

२ जून

फुसाएला म्हटलं, श्राद्धाआधी तलवारीला झिलई करून घेतो. एकदम खूश झाली. बाबांना फार आवडलं असतं म्हणाली, त्यांची ती फार वर्षांची इच्छा होती. तुम्हाला काय करायचं ते नीट करून घ्या, मला त्यातलं कळत नाही.

‘काय करायचं ते.’ हे तिचे शब्द आहेत. मुद्दाम लिहून ठेवतो.

परवान्यावर तलवार तिच्याच नावावर आहे, म्हणून परवानगी लागतेच. ती मिळाली.

५ जुलै, रविवार

कुरामोचीकडे गेलो. झिलई करणारा कारागीर, आमच्याच मंडळाचा सभासद. फुसाए त्याला धारवाला म्हणते, मी तिला अनेकदा समजावलं आहे. त्याने मूठ काढली, बुडावरचा मजकूर वाचला, पुन्हा एकदा वाचला. मी माझी कारणं सांगितली. भोक, वजन, गंज, लांबण. तो खाली बघून ऐकत होता. शेवटी म्हणाला, झिलई मी करतो, आनंदाने करतो, नाव राहू द्या. मी म्हटलं, नाव हाच तर अडसर आहे.

मग म्हणाला, हे एकदा घासलं की परत येत नाही. बाईंना विचारलंत? मी म्हटलं, विचारलं. हे खोटं नाही, वर दोन जूनला लिहिलेलं आहे. त्यांच्या घरच्या माणसाचं नाव आहे यावर, तो म्हणाला. मी म्हटलं, म्हणूनच. तिच्या घराण्याची झालेली फसवणूक मी दूर करतोय. हे बोलताना माझा आवाज जरा चढला असावा. कुरामोची म्हणाला, ठीक आहे. मी नाही म्हटलं तर तुम्ही दुसऱ्या कुणाकडे न्याल, आणि तो पात्याचंही वाटोळं करेल.

कानस हातात घेतल्यावर थांबला. म्हणाला, शेवटचं एकदा वाचा, ओकिनोसान. मी चष्मा लावून वाचलं. ओनुमाच्या कानेतोकीने घडवली, आन्सेइ पाचवं वर्ष, आठव्या महिन्यातला एक दिवस, करडईवाले सोएमोन यांच्यासाठी. पहिल्यांदाच कुणी मागून न सांगता वाचलं.

आवाज विशेष झाला नाही. लोखंडाचा कीस खूप कमी पडला. मला वाटलं होतं जास्त पडेल. परतताना बस चुकली, चालत आलो. फार दमलो.

६ जुलै

फुसाएला नंतर सांगणार आहे. परीक्षकांनी नागामित्सु म्हटलं की आपोआपच कळेल. आनंदाची बातमी अर्धवट सांगू नये.

१३ ऑगस्ट, गुरुवार

पितरांचे दिवस. फुसाए माहेरच्या कबरीवर फुलं घेऊन गेली, मीही गेलो. ऊन फार. ती उदबत्ती लावताना पुटपुटत होती, बाबा, यंदा तलवार चकचकीत दाखवते तुम्हाला. मी पाणी आणायला गेलो आणि जरा वेळ नळाशीच थांबलो. तिथे सावली होती.

२० सप्टेंबर, रविवार

मंडळाचं नदीकाठचं जेवण. अळकुड्यांचा रस्सा, गाईचं मटण, मोठ्या पातेल्यात. तोगाशीने रश्श्यात सोया सॉस जास्त घातला. वाद घालायचा नव्हता, पण रश्श्याच्या बाबतीत गप्प बसणं योग्य नव्हे. बोलता बोलता माझ्या तोंडून निघून गेलं, डिसेंबरात मी सगळ्यांना असं काही दाखवीन की दातांच्या डॉक्टरांचीही दातखीळ बसेल. सगळे हसले. कुरामोची हसला नाही, पातेल्यात डाव फिरवत राहिला. कारागीर माणसं अबोलच असतात.

११ ऑक्टोबर, रविवार

आज एक चमत्कारिक योग. बैठकीत सरांनी ठेवलेल्यांपैकी एक पातं कानेतोकीचं निघालं. ओनुमाचाच. देवळाच्या मालकीचं. मी अर्थातच दुसरं काही लिहिलं होतं. कापड सोडल्यावर सर बराच वेळ त्याच्याबद्दल बोलले. तरुणपणीच वारला. बिझेनची जुनी कामं बघून बघून हात बसवलेला. लाट सुरेख, पण जरा जास्तच नीटस. पोलाद आरशासारखं गुळगुळीत, त्यात धुकं कधीच नाही. वजनाला जड, बुडाकडे भरलेलं. डोंगरातला साधा माणूस, पण मन लावून काम करायचा. शिवाय मालकाचं नाव कोरलेल्या त्याच्या तलवारी सर आयुष्यभर शोधताहेत, अजून एकही बघायला मिळालेली नाही.

माझ्या तलवारीशी थोडं साम्य वाटलं खरं. बसमध्ये विचार केला आणि उलगडा झाला. कानेतोकीने बिझेनची नक्कल केली. म्हणजे बिझेनचं एखादं अस्सल पातं त्याच्यापुढे असलंच पाहिजे. ते माझं. माझं बघूनच तो शिकला. आता तर पुरावाही मिळाला.

जेवण गेलं नाही. बहुधा बसमुळे.

१७ ऑक्टोबर, शनिवार

फुसाएने कुरामोचीला फोन केला, श्राद्धाच्या आधी तलवार मिळेल का विचारायला. मी बागेत होतो. बोलणं बरंच चाललं. म्हणजे ती काही बोलत नव्हती, ऐकत होती. मग स्वयंपाकघरात गेली आणि लोणच्याचा मुळा चिरत बसली. एवढा मुळा आम्हा दोघांना मार्चपर्यंत पुरेल. काय म्हणाला विचारलं, तर म्हणाली, काही नाही, झिलई छान होतेय.

ऐकून बरं वाटलं.

२५ ऑक्टोबर

फुसाएची स्मरणशक्ती कमी होत चालली आहे. आज जेवताना विचारते, अहो, बाबांच्या तलवारीवर काय लिहिलंय हो? मी सांगितलं. पुन्हा सांगा म्हणाली. पुन्हा सांगितलं. वर्ष चुकलं तुमचं, आन्सेइ पाचवं. म्हणजे तिला आठवतं, तरी विचारते. वयाची लक्षणं.

८ नोव्हेंबर, रविवार

बैठकीला गेलो नाही. सर्दी. फुसाएने दुपारी गरम सोबा शेवया केल्या आणि समोर बसून म्हणाली, म्हणा बघू. मी म्हटलं, काय म्हणू. तलवारीवरचं. मी म्हटलं. अडखळू नका म्हणाली, ‘आठव्या महिन्यातला एक दिवस’ इथे थांबायचं, बाबा तिथे थांबायचे.

या घरात आता दर दोन दिवसांनी हे चालतं. आंघोळ करतानाही माझ्या तोंडात तेच येतं. बायकांना एकेक छंद लागतात.

२९ नोव्हेंबर

बर्फ. कुरामोचीला तीनदा फोन केला, दर वेळी म्हणाला अजून झालेलं नाही. परीक्षकांची नोव्हेंबरची तारीख गेली. आता पुढची वसंतात. श्राद्धाला काय सांगायचं ते ठरवलं आहे: तलवार झिलईला आहे, झिलईला घाई चालत नाही. यात एक अक्षर खोटं नाही. कियो आत्या बोलेल. बोलू दे. वसंतात ‘नागामित्सु’ ऐकलं की सगळ्यांची तोंडं आपोआप बंद होतील.

पहाटे जाग येते हल्ली. कानशीचा आवाज आठवतो. झाला नव्हता फारसा, तरी आठवतो.

१३ डिसेंबर, रविवार. दुपार.

वर्षाची शेवटची बैठक. जायची इच्छा नव्हती, फुसाएने कोट हातात दिला.

चार तलवारी. पहिल्या तिन्हींना मी काय लिहिलं ते आता आठवतही नाही. सगळ्यांवर ‘नाही’. गुडघे गेले होते, नाक वाहत होतं. तोगाशी शेजारी श्वास घेत होता. चौथीपाशी पोचलो तेव्हा मनात एवढंच होतं की हे आटोपलं की घरी जाऊन मिसोचं गरम सूप प्यायचं. वाकून नमस्कार केला, पातं उचललं, दिव्याकडे धरलं. कोण असेल, कोण असावं, असं काही डोक्यात आलं नाही. नुसतं बघितलं.

सुंदर होतं. हे आधी लिहितो. नवी झिलई. लाट लवंगांसारखी, एकसारखी, जरा जास्तच नीटस. धुकं नव्हतं. पोलाद घट्ट, गुळगुळीत. हाताला जड, बुडाकडे भरलेलं. मिरवायला केलेलं वाटत नव्हतं. आपल्या डोंगराकडच्या कुणीतरी आपल्या ओळखीच्या माणसासाठी, तो रोज कमरेला लावणार आहे हे मनात धरून, जीव ओतून घडवलेलं. एवढं सगळं एकदम दिसलं. अकरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी चिठ्ठीवर लिहिलं: ओनुमाचा कानेतोकी.

चिठ्ठी परत आली. ‘लागलं’.

सरांनी सगळ्यांपुढे वाचून दाखवलं. पहिल्याच चिठ्ठीत, ओकिनोसान. लोक टाळ्या वाजवायला लागले. तोगाशीने पाठीवर थाप मारली, म्हणाला, काय हो, शेवटी पीक आलं म्हणायचं. त्याने नागामित्सु लिहिलं होतं. मला खरं सांगायचं तर डोळ्यांत पाणी आलं. सर म्हणाले, कापड तुम्हीच सोडा, मान तुमचा.

सोडलं.

बूड कोरं होतं. एकच भोक. भोकाच्या खाली तो बारीक खळगा, एप्रिलमध्ये तेल लावताना माझं नख ज्यात अडकायचं तो. वर गंजाचा नवा हात चढवलेला, अगदी नीट, कुरामोचीचं काम स्वच्छच असतं. कुरामोची भिंतीपाशी बसून आपल्या मोज्यांकडे बघत होता.

सर बोलत होते. यावर मजकूर होता, घडवणाऱ्याचं नाव, वर्ष, मालकाचं नाव. या उन्हाळ्यात काढला गेला. का ते मी विचारत नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाले, नाव नसताना ओळखलंत, ओकिनोसान. डोळा तयार झाला तुमचा. टोमणा असता तर बरं झालं असतं. ते मनापासून म्हणाले.

टाळ्या पुन्हा वाजल्या. मी वाकून नमस्कार केला. दुसरं काय करणार.

तोच दिवस, संध्याकाळ

घरी आलो. सूप तयार होतं. फुसाएने विचारलं, ओळखलीत का? मी म्हटलं, पहिल्या चिठ्ठीत. ती म्हणाली, मीच ठेवायला सांगितली कुरामोचीला. सगळे म्हणतात तुम्हाला काही दिसत नाही. मला बघायचं होतं, खरंच दिसत नाही, की बघायचंच नव्हतं.

मी कोट काढून खुंटीला लावला. ती म्हणाली, सूप निवतंय.

ते नाव काढताना तुमच्या मनात एकदा तरी मी आले होते का, असं तिने विचारलं असतं तर काय उत्तर दिलं असतं, याचा विचार करतोय. तिने विचारलं नाही. लाज वाटते. एवढंच लिहितो.

१९ डिसेंबर

श्राद्धाला काय सांगायचं, यावर दोन-तीन योजना केल्या. झिलईत अपघात झाला. चोरांनी केलं. एकही धड जमेना. फुसाएला विचारलं, उद्या काय करायचं? म्हणाली, वाचायचं.

२० डिसेंबर, रविवार

भटजींचे मंत्र आटोपले. फुसाएच्या माहेरची चौदा-पंधरा माणसं, सगळी म्हातारी, सगळी माना पुढे करून बसलेली. फुसाएने तलवार आणली, मूठ काढली, बूड पांढऱ्या कागदावर ठेवून माझ्या हातात दिली. मागे येऊन बसली नाही. समोर बसली.

चष्मा घरी राहिला होता. त्याने काही बिघडणार नव्हतं.

मी कोऱ्या लोखंडाकडे बघून वाचलं. ओनुमाच्या कानेतोकीने घडवली. आन्सेइ पाचवं वर्ष. आठव्या महिन्यातला एक दिवस. इथे थांबलो. करडईवाले सोएमोन यांच्यासाठी. कुठे अडखळलो नाही. कुणीतरी म्हणालं, जावयाने यंदा फार छान वाचलं.

मग कियो आत्याने हात पुढे केला. तिला आता डोळ्यांनी विशेष दिसत नाही, दर वेळी ती अक्षरांवरून बोट फिरवते, हे मी विसरलोच होतो. बोट फिरलं. वरून खाली, खालून वर, पुन्हा वरून खाली. आत्या म्हणाली, अक्षरं फार झिजली गं, फुसाए.

फुसाएने तलवार तिच्या हातातून घेतली, कागदाने पुसली, मूठ बसवली.

हो आत्या, म्हणाली. यंदा जरा जास्तच झिजली.

मग पानं मांडली. मी जेवलो.